सहा वेली फ्रीझरमध्ये, सहा वेली थंडीत: आइसवाइनच्या नोंदी

१० ऑक्टोबर

आज सहा वेली तोडल्या. २० किलो १०० ग्रॅम माल निघाला. जात विदाल. रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २२ ब्रिक्स, म्हणजे रसाच्या वजनात साधारण २२ टक्के साखर. मणी टणक, हिरवट पिवळे, घड दाट. दोनच घडांत आतून कुज दिसली, तेवढे बाजूला काढले.

प्रयोग काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. कॅनडात, ऑन्टारियोतल्या नायगारा-ऑन-द-लेकच्या या बागेत मी वाइनच्या तळघरात काम करतो, हा तिसरा हंगाम. आइसवाइन म्हणजे गोठलेली द्राक्षं दाबून निघालेल्या दाट रसाची गोड वाइन. ती कशी होते हे सांगायला लागलं की ऐकणारा एकच प्रश्न विचारतो: द्राक्षं गोठवायचीच आहेत तर फ्रीझरमध्ये का गोठवत नाही? जानेवारीपर्यंत वेलीवर टांगून पक्ष्यांच्या, पावसाच्या तोंडी का देता? प्रश्न रास्त आहे. मी आजवर त्याचं उत्तर ऐकीव माहितीवर देत आलो. या वर्षी मालकीणबाईंनी ओळीच्या शेवटच्या बारा वेली मला घरच्या प्रयोगासाठी दिल्या आहेत. सहा वेलींचा माल आजच डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. शेजारच्या सहा जाळीखाली, थंडी येईपर्यंत. दोन्ही एकाच रात्री, एकाच तापमानाला दाबायच्या. यीस्ट एक, जार एकसारखे. म्हणजे फरक उरेल तो फक्त मधल्या तीन महिन्यांचा.

दोन्ही वाइन घरच्यासाठीच. विकायचा प्रश्न नाही, आणि फ्रीझरच्या वाइनला आइसवाइन म्हणताही येणार नाही. ऑन्टारियोत ते नाव वेलीवर आपोआप गोठलेल्या द्राक्षांच्या वाइनलाच लावता येतं. म्हणून जारवरच्या चिठ्ठ्यांवर ‘फ्रीझर’ आणि ‘वेल’ एवढंच लिहिलं आहे.

२५ ऑक्टोबर

मुख्य बागेतली तोड संपली. आता फक्त आइसवाइनचा तुकडा उभा आहे, पानं पिवळी पडून गळायला लागलीत. माझ्या सहा वेलींच्या जाळीला खालून दोन ठिकाणी भोकं सापडली, तारेनं शिवली. स्टार्लिंगचे थवे संध्याकाळी येतात. एवढासा पक्षी, पण हजारोंनी उतरला तर तासाभरात ओळ साफ होते. जाळीच्या बाहेर डोकावणारे मणी त्यांनी टोचून ठेवले होते, त्यांचा आंबूस वास येत होता. ते घड कापून टाकले, नाहीतर कुज आत सरकते.

जाळीचा धडा या भागाला १९८३ साली मिळाला. इथल्या इनिसकिलिन वायनरीच्या कार्ल कायझर यांनी त्या वर्षी पहिल्यांदा द्राक्षं वेलीवर राखून ठेवली आणि सगळं पीक पक्ष्यांनी खाल्लं. १९८४ ला त्यांनी जाळ्या लावल्या आणि वाइन झाली. १९८९ च्या विदालला १९९१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या विनएक्स्पो या वाइनमेळ्यात मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा जगाचं लक्ष नायगाराकडे वळलं. मी जाळी शिवताना हे नेहमी आठवतो. एका हंगामाचं पीक गेल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा द्राक्षं वेलीवर ठेवायला छाती लागते.

१५ नोव्हेंबर

आजपासून नियमानं आइसवाइनची तोड करता येते. प्रत्यक्षात अजून बरेच आठवडे आहेत. आज दुपारी ९ अंश होते.

व्हीक्यूए, म्हणजे इथल्या वाइनचा दर्जा ठरवणारी संस्था, तिचे नियम थोडक्यात: तोडताना आणि दाबताना तापमान उणे ८ किंवा त्याखाली, आणि दोन्ही कामं सलग. दाबताना निघालेला कुठलाही रस ३२ ब्रिक्सच्या खाली नको आणि टाकीत गोळा झालेल्या रसाची सरासरी किमान ३५ हवी. जर्मनीत उणे ७ चा दंडक आहे. ही पद्धत मूळ तिकडचीच. बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइममध्ये १८२९ चं पीक इतकं सुमार होतं की लोकांनी ते वेलीवरच सोडून दिलं होतं, जनावरांना घालू म्हणून. ११ फेब्रुवारी १८३० ला ते गोठलेलं तोडलं आणि दाबलं, तर रस अतिशय गोड निघाला.

वेलींवरचे मणी आता मऊ झालेत. रंग हिरव्यातून सोनेरीकडे. ब्रिक्स २४.

३० नोव्हेंबर

तीन रात्री उणे ४ ते उणे ५, दिवसा पुन्हा ५-६ अंश. मणी रात्री अर्धवट गोठतात, दुपारी सुटतात. सालीवर तपकिरी ठिपके यायला लागलेत. एक मणी दोन बोटांत दाबला तर साल सुटून गर बाहेर आला, देठ मात्र घडाला घट्ट. विदालची हीच खुबी: साल जाड, मणी लवकर गळत नाही. रीस्लिंग या दुसऱ्या जातीची वाइन मला जास्त आवडते, पण इतके दिवस टिकून राहण्यात विदालचा हात कुणी धरू शकत नाही.

१३ डिसेंबर

फ्रीझरच्या मालाची रंगीत तालीम केली आणि ती फसली. फसली ते बरं झालं.

दोन किलो घड काढून थेट छोट्या प्रेसमध्ये घातले. उणे १८ चे मणी गोट्यांसारखे. दांडा फिरवला तर प्रेसच जमिनीवरून सरकायला लागला, रसाचा थेंब नाही. मग घड गॅरेजमध्ये ठेवले, तिथे ६ अंश होते. दीड तासानं बाहेरचे मणी ओलसर दिसायला लागले तेव्हा पुन्हा दाबले. पहिले थेंब ३१ ब्रिक्स. मला वाटलं जमलं. दहा मिनिटांनी २५, अर्ध्या तासानं १८. आत अजून बर्फाचे खडे आणि बाहेर पाणीच पाणी. बर्फ वितळून त्याचं पाणी रसात उतरत होतं. ज्याला बाहेर ठेवायचं, तेच मी आत घेत होतो.

म्हणजे द्राक्षं गोठलेली असून भागत नाही. दाबून होईपर्यंत ती एका ठरावीक थंडीत राहायला हवीत: दाबता येतील इतकी नरम आणि बर्फ सुटणार नाही इतकी गार. तो पट्टा साधारण उणे ८ ते उणे ११. घरात एवढी थंडी कुठून आणणार? ती बाहेरच मिळेल. ज्या रात्री वेली तोडायच्या, त्याच रात्री फ्रीझरचा माल अंगणात मांडायचा आणि उणे १८ वरून उणे ९ पर्यंत वर येऊ द्यायचा.

शिल्लक १८ किलो.

१९ डिसेंबर

हंगामी कामगार पंधरा तारखेच्या आत आपापल्या देशी परतले. त्यांच्या करारात तशी अटच असते. त्यामुळे आइसवाइनची तोड कधीही निघाली तरी ती आम्ही सेलरवाले, गावातले काही निवृत्त लोक आणि कॉलेजची मुलं मिळून करणार. मुकादमानं फोनची यादी लावली आहे. फोन रात्री कितीही वाजता येऊ शकतो.

आज आबांशी बोललो. घरी सध्या बागेत मणी फुगतायत आणि थंडी वाढली की त्यांची झोप उडते. निफाड भागात पारा पाच-सहा अंशांवर आला की मण्यांना तडे जातात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यांना मी सांगितलं, इथे आम्ही उणे आठची वाट बघतोय.

आबा म्हणाले, “अरे, पण घड अजून वेलीवरच? किती गळ झाली?”

मी म्हणालो, “आबा, निम्म्याला निम्मं गेलं समजा.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साखर किती उतरली ते मोजून ठेव. गेलेल्या मालाचं वजन पण लिही. नुसती साखर लिहिलीस तर हिशेब अर्धा राहील.”

त्यांचं खरं आहे. आजपासून खाली पडलेले मणीही गोळा करून तोलतो आहे.

२८ डिसेंबर

रात्री ११ ला फोन आला, सगळे जमलो. पारा उणे ७.१ ला येऊन थांबला. तलावावरून ढग आले आणि तीन वाजता उणे ६. घरी गेलो. लेक ऑन्टारियोचं पाणी हिवाळ्यात हवा उबदार ठेवतं. त्यामुळेच इथे वेली जगतात, आणि त्यामुळेच अशा रात्री हातच्या जातात. जर्मनीत तर २०१९ च्या पिकातून कुठल्याच वाइनप्रदेशात आइसवाइन झाली नाही, हिवाळा तेवढा गार पडलाच नाही.

वेलींवर ब्रिक्स २७. मणी मनुक्यांकडे झुकलेत, रंग गुळाच्या पाकासारखा.

४ जानेवारीची रात्र

सविस्तर लिहितो, कारण हीच ती रात्र.

संध्याकाळपासून आभाळ निरभ्र, वारा अगदी मंद. ९.३० ला उणे ६, १० ला उणे ७. फ्रीझरचा माल चार जाळीदार ट्रेमध्ये एकेरी थरात मांडून प्रेसशेजारी ठेवला, मधल्या एका घडात थर्मामीटरची सुई खुपसली: उणे १७.५. ११.४० ला मुकादमाचा फोन. १२.३० ला उणे ८.६, आणि उतरताच. एक वाजता तोडीला सुरुवात.

डोक्यावर दिवे, हातात दोन-दोन मोजे. जाळी वर गुंडाळायची, घड तळहातात धरायचा, देठ कापायचा. गोठलेला घड क्रेटमध्ये पडतो तेव्हा खडी ओतल्यासारखा आवाज येतो. कुणी फारसं बोलत नव्हतं. माझ्या सहा वेली मी २.१५ ते २.४० मध्ये तोडल्या. ११ किलो. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या सहा वेलींनी वीस किलो दिले होते. १९ डिसेंबरपासून खाली पडलेले मणी १ किलो ९०० ग्रॅम. बाकीचं वजन त्याआधीची गळ, पक्षी आणि मण्यांतून उडून गेलेलं पाणी.

पहाटे ३.१० ला ‘वेल’ प्रेसमध्ये घातली. हवा उणे ९.८. दांडा हळूहळू फिरवायचा, थांबायचं, परत अर्धा फेरा. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि तो पडायला खूप वेळ लागला. तेलासारखा. दिव्याच्या उजेडात त्याचा रंग थेट मधाचा. थेंबांची धार व्हायला अजून वीस मिनिटं गेली, आणि ती धारही सुतळीपेक्षा जाड कधी झाली नाही.

मोजण्याची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. इतका गार रस थेट रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला तर आकडा भरवशाचा येत नाही. छोट्या कुपीत घेऊन ती कुपी मोज्याच्या आत, तळहाताला चिकटवून दहा मिनिटं ठेवली, मग मोजलं. सुरुवातीचे थेंब ४०, शेवटचे ३४. एकूण २ लिटर २०० मिलि, सरासरी ३७.५.

५ वाजता ट्रेमधल्या घडाचं तापमान उणे ९.२. ‘फ्रीझर’ दाबली. मणी फुगीर असल्यामुळे धार लवकर लागली. रंग फिका, लिंबाच्या सालीसारखा. ७ वाजेपर्यंत ३ लिटर ५०० मिलि, सरासरी ३६.५. प्रेस उघडल्यावर दोन्हींची चोथ्याची वडी निघाली, बर्फानं पांढरी. साखर पिळून घेतलेलं पाणी त्यात तसंच अडकलेलं होतं.

५ जानेवारी

झोपून उठल्यावर आकडे पुन्हा पाहिले. ३७.५ आणि ३६.५. जवळजवळ सारखेच. एक माल २७ ब्रिक्सचा, दुसरा २२ चा, आणि रस मात्र एकाच दाटपणाचा.

यात नवल काही नाही, पण स्वतःच्या कुपीत पाहिल्याशिवाय ते मला नीट उमगलं नव्हतं. रस गार होत जातो तसं त्यातलं पाणी बर्फ बनून वेगळं होतं आणि उरलेला पाक दाट होत जातो. पाक दाट झाला की त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. उणे ९ ला पाणी सुटणं जिथे थांबतं, तो दाटपणा जवळपास ठरलेला. सुरुवातीला साखर कमी असो की जास्त, त्या रात्री प्रेसखाली येणारा पाक साधारण तेवढाच गोड येणार. थंडी साखर घालत नाही, पाणी अडवून धरते. आणि किती अडवायचं हे पारा ठरवतो.

म्हणजे गोडीच्या हिशेबात फ्रीझर आणि वेल बरोबरीत. सहा वेलींमागे रस तर फ्रीझरचाच जास्त, तेही तालमीत दोन किलो घालवून. मग तीन महिन्यांनी दिलं काय?

दोन पेल्यांत चमचा-चमचा रस घेऊन वास घेतला. ‘फ्रीझर’ला हिरव्या सफरचंदाचा, लिंबाचा, ताज्या द्राक्षाचा. ‘वेल’ला जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि मागे कुठेतरी चहाच्या पत्तीचा. एकाच ओळीतली द्राक्षं आहेत यावर कुणी सहज विश्वास ठेवणार नाही. आम्ल: ‘फ्रीझर’ लिटरला ११ ग्रॅम, ‘वेल’ ९.५.

७ जानेवारी

यीस्ट सोडलं. के१-व्ही१११६ हा वाण, लिटरला अर्धा ग्रॅम.

इतक्या दाट पाकात यीस्ट थेट टाकलं तर ते मार खातं. मिठात घातलेल्या काकडीसारखं पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. तगण्यासाठी यीस्ट ग्लिसरॉल बनवून पाणी आत धरून ठेवतं, आणि या खटाटोपात ॲसिटिक ॲसिडही वाढतं, म्हणजे व्हिनेगरची झाक. म्हणून पायरीपायरीनं सवय लावायची. ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवलं. मग तेवढाच पातळ केलेला रस घालून तासभर. मग अस्सल रस घालून, थोडा गार करून आणखी दोन तास. पहिल्या पायरीला वर साईसारखा फेस आला, ताज्या पावाचा वास. शेवटच्या पायरीला फेस बसला. मी काळजीत होतो, पण भांड्याला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. मग दोन्ही जारमध्ये वाटून घातलं. खोली १७ अंश.

१६ जानेवारी

‘फ्रीझर’ सुरू, मिनिटाला आठ-दहा बुडबुडे. ‘वेल’ला मिनिटाला दोन.

२ फेब्रुवारी

चालू आहे.

२१ फेब्रुवारी

‘फ्रीझर’चं आंबणं थांबवलं. अल्कोहोल १०.२ टक्के. जार बर्फाळ पाण्यात, मग सल्फाइट. सेलरच्या लॅबमध्ये मोजलं: उरलेली साखर लिटरला २४५ ग्रॅम, ॲसिटिक १.१ ग्रॅम.

९ मार्च

‘वेल’ थांबवली, १०.० टक्क्यांवर. तिनं दोन आठवडे जास्त घेतले. साखर २६२, ॲसिटिक १.३. व्हीक्यूएची आइसवाइनसाठीची मर्यादा २.१ आहे, तेव्हा दोन्ही सुरक्षित. दाट रसात यीस्टला जास्त झगडावं लागलं हे आकड्यांवरून दिसतं.

१८ एप्रिल

दोन्ही निवळल्या, गाळून बाटल्या भरल्या. ३७५ मिलिच्या: ‘फ्रीझर’ आठ, ‘वेल’ चार. खाली उरलेल्या पेलाभर वाइनवर सेलरमध्ये चव घेतली. मी, मालकीणबाई आणि मुकादम. पेल्यांवर फक्त १ आणि २.

‘फ्रीझर’ स्वच्छ, चटकदार, लिंबासारखी. पहिला घोट तिचाच सरस वाटला, मुकादमानं तर तिलाच पसंती दिली. मी तिला नाव ठेवणार नाही. घरी कुणाला करायची असेल तर जरूर करावी, फक्त दाबायची रात्र नीट निवडावी. पण घोट गिळल्यावर ती संपते. ‘वेल’ तोंडात उतरत राहते: आधी जर्दाळू, मग कडसर संत्र्याची साल, मग मध, आणि आम्ल शेवटी येऊन सगळं धुऊन टाकतं. दोन्हींची साखर जवळपास तेवढीच असून ‘वेल’ कमी गोड लागते. मालकीणबाईंनी दुसरा पेला बराच वेळ हातात धरला आणि एवढंच विचारलं की नोव्हेंबरच्या शेवटी मणी कसे दिसत होते. मी ३० तारखेची नोंद वाचून दाखवली: रात्री गोठणं, दुपारी सुटणं, सालीवरचे तपकिरी ठिपके.

माझाही संशय त्याच आठवड्यांवर आहे. म्हणजे पुढचा प्रश्न उघड आहे: द्राक्षं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेलीवर ठेवून, ते गोठणं-सुटणं झाल्यावर, मग फ्रीझरमध्ये घातली तर? गळ कमी होईल, आणि चव ‘वेल’च्या किती जवळ जाते ते कळेल. लटकणं आणि शेवटची थंडी या दोन गोष्टी तेव्हाच वेगळ्या काढता येतील.

मालकीणबाईंनी अठरा वेलींना होकार दिला. संध्याकाळी आबांना वजनाचे सगळे आकडे वाचून दाखवले, ते त्यांनी वहीत उतरवून घेतले. उद्या सकाळी जाऊन सहा-सहाच्या तीन गटांना निळी, पांढरी आणि लाल फीत बांधायची आहे. वेलींचे डोळे फुगायला लागलेत, फुटण्याआधी बांधलेली बरी.